वरमाला वाळत असताना

लग्नाचा हार वाळवायला माझ्याकडे येतो तेव्हा तो बहुतेक वेळा अर्धा गेलेलाच असतो. मिरवणुकीत चुरगळलेला, गाडीच्या टपावर तापलेला, आणि वर कुणीतरी काळजीपोटी पाणी मारून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला. त्या पाण्यानेच फुलं कुजतात. मी पिशवी उघडते, निशिगंधाला आंबूस वास सुटला असेल तर तिथल्या तिथे सांगून टाकते, एवढी वाचतील, एवढी नाही वाचणार. लोकांना वाईट वाटतं. पण नंतर काळी पडलेली फुलं हातात देण्यापेक्षा ते बरं.

जळगावला पिंप्राळ्यात आमचं बैठं घर आहे. पुढच्या खोलीत माझं काम चालतं, मागे स्वयंपाकघर. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जातो. हे काम मी मोबाईलवर बघून बघून शिकले. गुलाब, ऑर्किड डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दाण्यांत पुरून ठेवायचे, पातळ पाकळ्या दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवायच्या, आणि पूर्ण वाळल्यावर साच्यात मांडून वरून रेझिन ओतायचं. ते घट्ट झालं की फूल काचेत अडकल्यासारखं दिसतं. काही लोकांना रेझिन आवडत नाही, त्यांना काचेची फ्रेम करून देते. सासूबाईंचा मात्र सिलिकावर विश्वास नव्हता. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. त्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या, बोलणं अजून अहिराणी. त्यांनी गिरणा नदीची रेती मागवून, धुऊन, चाळून ठेवली होती. झेंडू आणि शेवंती त्या रेतीतच वाळवायच्या, आणि रेती दमट झाली की लोखंडी कढईत घालून गॅसवर भाजायच्या. दुपारी जेवणं झाली की स्वयंपाकघरातून त्या रेतीचा खरखर आवाज येत राहायचा.

ती मुलगी आली तेव्हा उन्हाळा नुकताच सुरू झाला होता. तोंडाला स्कार्फ बांधलेला, अंगात सनकोट, हे आमच्याकडे सगळ्याच मुलींचं असतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन हार. मी उघडून बघितले आणि थक्क झाले. इतके ताजे हार माझ्याकडे कधीच आले नव्हते. लाल गुलाब, पांढरी शेवंती, मधे काही नाही. एकही पाकळी मोडलेली नाही.

"कधी झालं लग्न?"

"आत्ताच. नोंदणीच्या ऑफिसातून सरळ तुमच्याकडे आले."

"वरात, जेवण काही नाही?"

ती हसली असावी, स्कार्फमुळे कळलं नाही. मी पाणी दिलं. प्यायला तिने स्कार्फ सोडला आणि मला तिचा जबडा दिसला. एका बाजूने कानापासून हनुवटीपर्यंत पिवळा-निळा झालेला. गळ्यावर पट्ट्याचा वळ. तो जुना होता, पण त्याची कड अजून लाल होती.

तिनेच सांगितलं. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात दोघं बरोबर होते. तो बौद्ध, ती धुळ्याजवळच्या शेतकरी घरातली, म्हणजे आमच्यासारख्याच घरातली. तिला दोन भाऊ. घरी कळलं तेव्हा मोठ्या भावाने विहिरीवरच्या इंजिनचा पट्टा काढून आणला होता. मारून झाल्यावर तिला कापसाच्या खोलीत कोंडलं. मग दोघं भाऊ मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या वडिलांना भर गल्लीत पाडून लाथा घातल्या. त्यांच्या बरगड्या मोडल्या. ती परीक्षेच्या नावाखाली घराबाहेर पडली ती परत गेलीच नाही. आता दोघं असोद्याला मुलाच्या मावशीकडे राहत होते.

"हार तयार झाला की न्यायला मी येऊ शकणार नाही, ताई. तुम्ही असोद्याला याल का?"

मी म्हटलं, "येईन. बस आहे, रिक्षा आहे, काय अवघड आहे त्यात."

तिने घर कुठे ते नीट सांगितलं. केळीच्या वखारीमागची गल्ली, निळा दरवाजा. मी कागदावर लिहायला गेले तर तिने माझा हात धरला. "लिहू नका. लक्षात ठेवा फक्त."

त्याच दुपारी मी गुलाब देठापासून कापून सिलिकात पुरले आणि अक्कांनी शेवंती रेतीत घातली. अक्कांनी ती मुलगी आतून बघितली होती. फुलं पुरताना त्या एकदाच म्हणाल्या, "पोरले भलता मारेल शे."

भाऊ आले तेव्हा फुलं अजून डब्यातच होती. तिच्या एका मैत्रिणीला दम देऊन त्यांनी माझं नाव काढलं होतं, हे नंतर कळलं. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि दोन जण आत आले. इस्त्रीचे पांढरे शर्ट, पायात चामडी चपला. मोठा तिशीतला, धाकटा त्याहून बराच लहान. मला वाटलं गिऱ्हाईक. मी खुर्च्या पुढे केल्या.

मोठा बसला. फार हळू आवाजात बोलायचा. त्याने भिंतीवरच्या मांडणीवरच्या फ्रेमा बघितल्या, कौतुक केलं. "ताई, सुंदर काम आहे. माणूस जातो, फूल राहतं, असं झालं हे." मग म्हणाला, "आमच्या बहिणीचं लग्न झालं. तिचा हार तुमच्याकडे आहे म्हणे."

मी म्हटलं, "रोज कितीतरी हार येतात. कोणाकोणाचे म्हणून लक्षात राहतील?"

"हिचा राहील. तुम्ही आपल्यातल्याच ना? पाटीवरचं आडनाव बघितलं. तुम्हाला पण सासर-माहेर आहे. उद्या तुमच्या घरातली पोरगी अशी गेली तर तुम्ही काय कराल?"

मी मांडणीवरची एक फ्रेम उगाच सरळ केली.

"फक्त पत्ता द्या. आम्ही तिला घेऊन जातो. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने उठून दार लावलं आणि कडी घातली. त्या कडीचा आवाज ऐकला आणि मला पहिल्यांदा कळलं, की आता हे बोलणं राहिलेलं नाही.

धाकट्याने मांडणीवरची पहिली फ्रेम उचलली आणि फरशीवर आपटली. ती एका बाळाच्या बारशाची होती, पाळण्याला बांधलेली शेवंती. काच खोलीभर उडाली. मोठा बसल्या जागेवरून म्हणाला, "आठवलं का?"

"अहो, ते दुसऱ्यांचं आहे! त्यांचा काय संबंध?"

"म्हणूनच विचारतोय. सांगा, म्हणजे बाकीचं राहील."

दुसरी फ्रेम. तिसरी. मग तो रेझिनच्या ठोकळ्यांकडे वळला. रेझिन आपटून फुटत नाही. त्याने आपटलेला ठोकळा उडून त्याच्याच नडगीला लागला आणि तो चिडला. टेबलावर फ्रेमांना खिळे मारायची माझी हातोडी होती. ती घेऊन तो खाली बसला आणि एकेक ठोकळा फरशीवर धरून फोडू लागला. पहिल्या घावाला पांढरा तडा जायचा, दुसऱ्याला आणखी, मग एकदम तुकडे, आणि आतलं वाळकं फूल भुसा होऊन बाहेर यायचं. त्यात एक गजरा होता. पलीकडच्या कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बायकोने शेवटचा माळलेला. त्यांनी तो तिच्या उशीखालून काढून रुमालात माझ्याकडे आणला होता. मी ओरडले, "तो नको! हात जोडते, तो तेवढा नको!"

हे मी बोलायला नको होतं. मोठा उठला, त्याने तो ठोकळा स्वतः घेतला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि धाकट्याच्या हातातून हातोडी घेतली.

"पत्ता."

असोदा. तीन अक्षरी गाव. रिक्षाने गेलं तर चहा निवायच्या आत पोचाल असं. मला आठवतं, ते नाव माझ्या तोंडात अगदी पुढे येऊन थांबलं होतं. जीभ दातांना लागलेली होती. मी त्या मुलीला एकदाच बघितलं होतं. आणि या गृहस्थांना मी रोज बघत होते, ते रोज सकाळी दूध घेऊन जाताना थांबून विचारायचे, झालं का हो आमचं. पण मला तो गळ्यावरचा वळ दिसत होता. इंजिनचा पट्टा दिसत होता. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्याने गजरा फोडला.

मग त्याने डबे उघडायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या डब्यात त्याला गुलाब सापडले. दाण्यांमधून एक फूल काढून त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "हेच ना?" मी "नाही" म्हटलं, पण फार लवकर म्हटलं. त्याने मूठ आवळली. फूल बाहेरून वाळलं होतं, देठाशी अजून ओल होती. तळहातावर लाल चिकट डाग राहिला. तो त्याने माझ्या तोंडावर पुसला. त्यानंतर माझ्या अंबाड्याला धरून त्याने माझं तोंड टेबलावर आपटलं.

पहिल्यांदा नुसता आवाज कळला. दुसऱ्यांदा पुढचा दात तुटला आणि ओठात घुसला. डबा उलटा झालेला होता, माझा गाल त्या दाण्यांवर दाबलेला होता, आणि मी इतक्या जवळून बघत होते, की माझं रक्त ज्या दाण्यावर पडे तो दाणा ते आत ओढून घेत होता. मला वाटलं, आता हे सगळं फेकून द्यावं लागणार. अशा वेळी माणूस काय विचार करतो त्याला काही ताळतंत्र नसतं.

तेवढ्यात आतल्या दारात अक्का उभ्या राहिल्या. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं, त्यात रेती भाजायचं चाललेलं. पहिल्या फ्रेमा फुटल्या तेव्हा त्यांना वाटलं माझ्या हातून काही पडलं. माझी किंकाळी मात्र त्यांना ऐकू गेली.

"कोन शेत रे तुम्ही? मन्ही सून शे ती. सोड तिले!"

मोठा माझे केस न सोडता म्हणाला, "आजी, तुम्ही आत जा. तुमचं काही काम नाही इथं."

अक्का आत गेल्या. मला खरंच वाटलं, घाबरल्या. सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी बाई, काय करणार? मी डोळे मिटले.

त्या परत आल्या त्या कढई घेऊन. कढईच्या दोन्ही कानांना फडकी गुंडाळलेली, रेती गच्च भरलेली, तिच्यातून वाफ नव्हे, नुसती हवा थरथरत होती. टेबलाला वळसा घालून सरळ त्याच्यासमोर गेल्या, आणि त्याने मान वर केली तेव्हा पूर्ण कढई त्याच्या तोंडावर रिकामी केली.

माणूस इतका मोठ्याने ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. माझे केस सुटले. तो दोन्ही हातांनी तोंड पुसत होता आणि पुसताना रेती डोळ्यांत आणखी चोळली जात होती. शर्टाच्या कॉलरमधून ती आत गेली, तो शर्ट फाडायला लागला. काही रेती माझ्या मानेवरही पडली. तिचे डाग अजून आहेत.

धाकटा क्षणभर थिजला. मग त्याने धावत येऊन अक्कांच्या कमरेत लाथ घातली. त्या बाजूच्या स्टुलावर पडल्या आणि तिथून फरशीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकलेली काटकी मोडावी तसा, अगदी साधा आवाज. त्या ओरडल्या नाहीत. त्याने पुन्हा पाय उचलला.

फुलं दाबायच्या माझ्या दोन फळ्या सागवानी आहेत, जाड, चारी कोपऱ्यांत लोखंडी बोल्ट. ती जोडी मी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. तो वाकला. मग मानेवर. तो गुडघ्यांवर आला, तर खांद्यावर, हातांवर, जिथे बसेल तिथे. तो "ताई, ताई" म्हणत होता. मला कळत होतं, की तो पोरसवदा आहे, रडतोय, आता काही करणार नाही. तरी मी मारत होते. फळ्यांच्या मधून वाळलेल्या पाकळ्या उडत होत्या, गुलाबी, पिवळ्या, आणि मला बरं वाटत होतं. हे मी पुढे कोर्टात सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण बरं वाटत होतं. लहानपणापासून बघितलेला प्रत्येक पट्टा, प्रत्येक काठी, माझ्या आईच्या पाठीवरचे वळ, सगळं त्या फळ्यांत उतरलं होतं.

तो कसाबसा दारापर्यंत सरपटला, कडी काढली आणि बाहेर पडला. बाहेर आवाजाने लोक जमलेच होते. समोरच्या घरातल्या बाईने आत येऊन मला मागून मिठी मारली आणि फळ्या सोडवल्या. "पुरे," ती म्हणत होती, "पुरे, पुरे, तो गेला."

अक्का फरशीवर काचांत पडलेल्या होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या तोंडातलं रक्त त्यांच्या कपाळावर गळत होतं. त्यांनी ते पुसलं आणि विचारलं, "गॅस बंद करा का कोनी?"

सिव्हिल हॉस्पिटलात अपघात विभागाच्या एकाच वॉर्डात सगळे. माझ्या ओठाला टाके, अक्कांच्या खुब्याला ऑपरेशन, आणि पलीकडे पडद्यामागे मोठा भाऊ, तोंडावर पट्ट्या. पोलीस जबाब घेत होते. संध्याकाळी नवरा आला, त्याने मला बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

मी त्या मुलीला फोन करणार नव्हते. तिला दुसरीकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिचा नवरा दोघंही वॉर्डात उभे. मी घाबरले. "इथे कशाला आलात? तुझा भाऊ त्या पडद्यामागे आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी पोलिसांना जबाब द्यायला आले. पहिल्यापासूनचा."

ती अक्कांच्या पायावर डोकं ठेवायला गेली. अक्कांना हलता येत नव्हतं. त्यांनी हात लांब करून तिचा जबडा चाचपला, त्यावरची सूज एव्हाना पुष्कळ उतरली होती. "दुखस का वं, माय?" इतकंच विचारलं. ती मुलगी तोवर रडली नव्हती, तेव्हा रडली.

त्यानंतरचे दिवस मारहाणीपेक्षा वाईट गेले. घरी लोक यायला लागले. आमच्यातलेच, मानाची माणसं, चहा पिऊन बोलणारी. त्यांतले एक जण, त्यांना सगळे नाना म्हणतात, नेहमी मधे बसायचे. "सूनबाई, पोरं चुकली. रागात झालं. मोठ्याचा एक डोळा गेला. अजून काय शिक्षा पाहिजे तुम्हाला? आणि त्यांनी उलटी तक्रार केली आहे, भाजल्याची. अक्कांना या वयात आरोपी करणार का?"

मी म्हटलं, "नाना, ते पत्ता कशासाठी मागत होते?"

"समजावून घरी न्यायला."

"हातोडी घेऊन?"

नाना चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "त्या पोरीपायी आपल्या घराला का आग लावून घेता? ती आपली कोण?"

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मिटवून टाकू. मी कारखान्यात जातो तेव्हा तू घरी एकटी असतेस. परत आले तर?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याची भीती मला दिसत होती. पण माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी भिरकावला. त्याच्या डोक्याजवळ भिंतीला खळगा पडला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. आम्ही दोघंही त्या खळग्याकडे बघत राहिलो. मला माझ्याच हातांची भीती वाटली. त्या दिवसांत फूल सुटं करायला घेतलं, की बोटांना ओढायचं एवढंच कळायचं. पाकळ्या फाटायच्या. मी काम बंद ठेवलं.

आतून, खाटेवरून, अक्का बोलल्या. बहिऱ्या म्हणून आपण काही सांगत नाही, आणि त्यांना सगळं ऐकू आलेलं असतं. "मीच भाजं त्याले. कोर्टमा मीच बठ्ठं सांगसू. मिटाडानं नही." नवरा आत जाऊन त्यांच्या पायाशी बसला. त्यानंतर मिटवायची गोष्ट आमच्या घरात कुणी काढली नाही. पुढचा महिनाभर त्याने रजा टाकली आणि दारातच खुर्ची घालून बसायचा.

मला सगळ्यात जड गेलं ते गिऱ्हाइकांना सांगणं. एकेकाला बोलावून, फुटलेलं दाखवून. बारशाच्या फ्रेमवाली बाई रागावली, आमच्या भांडणात तिचं का नुकसान, आणि तिचं बरोबर होतं. एका नवऱ्या मुलीने काही न बोलता फोन ठेवला. गजऱ्याचे गृहस्थ मात्र स्वतःच आले. त्यांनी सगळं गल्लीत ऐकलेलं होतं. मी गजऱ्याचे तुकडे सुपात वेगळे ठेवले होते, रेझिनचे खडे आणि त्यात मोगऱ्याच्या तपकिरी कळ्यांचा चुरा. त्यांनी सूप मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बोटाने चाळत राहिले.

"कशाने फोडलं?"

"हातोडीने."

"आहे ती?"

पोलिसांनी नेली होती. मी तसं सांगितलं. मी त्यांची माफी मागितली, म्हटलं, मी वाचवू शकले असते, एक नाव घेतलं असतं तर.

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मी असतो ना तुमच्या जागी, मी पत्ता दिला असता. या चार कळ्यांसाठी दिला असता. लगेच दिला असता." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "बरं झालं मी नव्हतो."

त्यांनी तो चुरा रुमालात बांधून नेला. नंतरही ते दूध घेऊन जाताना थांबायचे, अक्कांची चौकशी करायचे. गजऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

हारातले काही गुलाब वाचले होते, ज्या डब्यांना त्यांचा हात लागला नाही त्यांतले. मी मुलीला विचारलं, करू का काही? ती म्हणाली, "नको ताई. मला बघवणार नाही." ती दोघं पुढे दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेली. कुठे ते मी विचारलं नाही.

खटला बरीच वर्षं चालला. तारखा पडत राहिल्या, दोघं भाऊ जामिनावर बाहेर आले. कोर्टाच्या व्हरांड्यात मोठा समोरून यायचा. एका बाजूचा चेहरा ओढला गेलेला, एका डोळ्यावर पांढरा पडदा. आधी त्याला बघून मी भिंतीकडे सरकायचे. नंतर नंतर नुसता ओठ दुखायचा, टाके घातले होते तिथे. अक्कांवरची तक्रार टिकली नाही, घरात शिरून मारणाऱ्यापासून वाचवायला केलं हे कोर्टाने मानलं. अक्का वॉकर घेऊन साक्षीला आल्या आणि समोरच्या वकिलाने "आजीबाई, तुम्ही मुद्दाम डोळ्यांवरच टाकली ना रेती?" असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तोंडवर टाकी. डोया तोंडमाच ऱ्हातस." कोर्टात कुणीतरी हसलं. अक्का हसल्या नाहीत.

निकाल लागला त्या दिवशी दोघांना शिक्षा झाली, मोठ्याला जास्त, धाकट्याला कमी. मला वाटलं होतं, छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. मी, नवरा आणि ती मुलगी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. ती निकालासाठी मुद्दाम आली होती. खाली झाडाजवळ नऊवारीतली एक बाई उभी होती. मी तिला ओळखलं नाही. ती सरळ माझ्याकडे आली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा, आणि मग पुन्हा.

"माझे दोन्ही पोरं खाल्ले तू! दोन्ही!"

नवरा पुढे झाला, पोलीस धावला. मी नवऱ्याला हाताने अडवलं. माझेही हात वर आले होते, मला कळलं, मुठी वळलेल्या. मी त्या उघडल्या. चप्पल मारताना त्या बाईचा पदर खांद्यावरून पडला होता आणि दंडावर एक जुना, रुंद, पट्ट्यासारखा वण होता.

तिची मुलगी तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोलिसाला मी सांगितलं, मला तक्रार करायची नाही. तो म्हणाला, "मग चला, गर्दी करू नका." ती बाई चप्पल न घालताच, हातात धरून, रस्त्याकडे निघाली. ऊन असं होतं, की डांबर पायाला चिकटावं. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आले मी," आणि तिच्या मागे धावली.

आम्ही लांबून बघत होतो. तिने रिक्षा थांबवली. आई उभीच राहिली, मान फिरवून. मुलीने वाकून तिच्या हातातली चप्पल काढून घेतली, खाली ठेवली, तिचा पाय धरून आत घातला. मग दुसरा. रिक्षात चढताना आईला तोल सावरायला काहीतरी धरावं लागलं, तेव्हा तिने मुलीचा खांदा धरला. रिक्षा धुळ्याच्या बस लागतात त्या स्टँडकडे गेली.

मुलगी परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "काही म्हणाली का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण फार जोरात धरला होता खांदा."

नवऱ्याने समोरच्या टपरीवर तिघांना चहा सांगितला. माझा गाल सुजत होता, एका बाजूनेच प्यावा लागला.